टांकसाळ, टायर आणि टर्मिनस

१. सातवा महिना नववा कसा?

शाळेत महिन्यांची नावं पाठ करताना एखादं चौकस पोर हटकून विचारतं : सप्टेंबरमध्ये ‘सप्त’ ऐकू येतं, ऑक्टोबरमध्ये ‘अष्ट’, नोव्हेंबरमध्ये ‘नव’ आणि डिसेंबरमध्ये ‘दश’, मग सप्टेंबर नववा आणि डिसेंबर बारावा कसा? शंका रास्त आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळे सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम हे लॅटिन आकडे आपल्या कानाला ओळखीचे वाटतात. आकड्यांत काही चूक नाही. आपण मोजायला सुरुवात जानेवारीपासून करतो, तिथे गडबड होते.

जुन्या रोमन वर्षाचा पहिला महिना मार्च. तिथून बोटं मोडत निघालं की मार्च, एप्रिल, मे, जून असे चार होतात. मग क्विंटिलिस म्हणजे पाचवा, सेक्स्टिलिस म्हणजे सहावा, आणि सप्टेंबर बरोबर सातव्या बोटावर येतो. पाचव्याचं नाव इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरवरून बदललं, तो आपला जुलै. सहाव्याला इ.स.पू. ८ मध्ये ऑगस्टसचं नाव मिळालं. उरलेल्या चौघांच्या वाट्याला कुणी बडी आसामी कायमची आली नाही, म्हणून ते जुना क्रमांक मिरवत राहिले.

मार्च हा मार्स देवाचा महिना. मार्स युद्धाचा देव हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. रोमन शेतकरी त्याच्याकडे पिकांचं आणि गुरांचं रक्षणही मागत, हे फारसं कुणी सांगत नाही. ‘मार्शल लॉ’, ‘कोर्ट मार्शल’, ‘मार्शल आर्ट’ हे इंग्रजी शब्दप्रयोग या मार्सपासून निघाले. इथे देवनागरी आपल्याला एक चकवा देते. एअर मार्शल, किंवा विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदाराला उचलून बाहेर नेणारा मार्शल, हा शब्द आपण तसाच लिहितो आणि तसाच उच्चारतो. पण इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं आणि मूळही वेगळं. तो जुन्या जर्मन बोलींमधला घोड्यांचा चाकर, म्हणजे मोतद्दार. दरबारात चढत चढत तो सेनापतीच्या पदाला पोचला. युद्धदेवाशी त्याचं काही नातं नाही.

मग जानेवारी पुढे कसा आला? रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. ते राज्याचे सर्वोच्च अधिकारी. पूर्वी ते मार्चमध्ये कार्यभार घेत. स्पेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा नव्या कॉन्सलला सैन्य घेऊन लवकर निघता यावं म्हणून इ.स.पू. १५३ पासून हा दिवस १ जानेवारीवर आणला. सरकारी वर्ष सरकलं आणि त्याच्यामागून बाकीचं वर्षही सरकलं. जानेवारीचा देव जेनस, दोन तोंडांचा : एक मागे बघणारं, एक पुढे. दारं, वाटा आणि सगळ्या प्रकारच्या सुरुवाती हे त्याचं खातं. लॅटिनमध्ये ‘यानुआ’ म्हणजे दार हा त्याच्या नात्यातला शब्द, आणि त्यावरून ‘जॅनिटर’ म्हणजे द्वारपाल. आज अमेरिकेत जॅनिटर म्हणतात तो इमारतीची झाडलोट आणि देखभाल करणारा माणूस असतो.

आता या प्रकरणाचा खरा प्रश्न. सम्राट थिओडोसियसनं इ.स. ३९१-९२ मध्ये कायदे करून जुन्या देवांची पूजा आणि बळी बंद केले. इंग्रजी भाषा लेखनात ठळकपणे दिसू लागते ती त्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी, आणि ती बोलणाऱ्यांच्या पूर्वजांचे देव वेगळेच होते. मग रोमन देवांची नावं तिच्यात शिरली कुठल्या दारानं?

२. देवळाशेजारची टांकसाळ

रोममधल्या कॅपिटोलाइन टेकडीच्या उत्तरेकडच्या माथ्यावर जूनो देवीचं एक देऊळ होतं. जूनो ही देवांचा राजा ज्युपिटर याची राणी. जून महिना बहुधा तिच्या नावाचा. ल्युशियस फ्युरियस कॅमिलस हा सेनापती इ.स.पू. ३४५ मध्ये ऐन लढाईत या देवळाचा नवस बोलला आणि पुढच्या वर्षी तो फेडला गेला. इथल्या जूनोचं बिरुद होतं ‘मोनेटा’.

मोनेटा म्हणजे काय? रोमन लोकांचं उत्तर असं : ‘मोनेरे’ म्हणजे बजावणं, सावध करणं, म्हणून मोनेटा ही सावध करणारी. रोमन लेखक सिसेरोनं दिलेली हकिगत अशी की एकदा भूकंप झाल्यावर या देवीच्या देवळातून आवाज आला, गाभण डुकरिणीचा बळी द्या. लोकांना यापेक्षा हंसांची गोष्ट जास्त आवडते. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम घेतलं आणि एका रात्री ते चोरपावलांनी कॅपिटोलाइन चढू लागले. कुत्री गप्प राहिली, पण जूनोला वाहिलेले हंस कलकलले, पहारेकरी जागे झाले आणि टेकडी वाचली. गोष्ट झकास आहे. मला मात्र ती या नावासाठी मागाहून चिकटवलेली वाटते. देवळाचा नवस त्या रात्रीनंतर पंचेचाळीस वर्षांनी बोलला गेला, आणि हंसांचा प्रसंग रंगवून सांगणारा इतिहासकार लिव्ही त्यावरून देवीला हे बिरुद मिळालं असं म्हणत नाही. ‘मोनेरे’पासून ‘मॉनिटर’ आणि ‘मॉन्युमेंट’ आले हे नक्की. मोनेटाही तिथूनच आली का, यावर भाषेच्या अभ्यासकांचं एकमत नाही.

बिरुदाचा अर्थ काहीही असो, पुढचा सगळा इतिहास शेजाऱ्यानं घडवला. इ.स.पू. तिसऱ्या शतकात रोम स्वतःची चांदीची नाणी पाडू लागलं, आणि टांकसाळ या देवळाला लागून होती. पत्ता सांगताना माणसं आखडतं घेतात. ‘मोनेटाच्या देवळाजवळची टांकसाळ’ याचं बोलता बोलता नुसतं ‘मोनेटा’ झालं. मग तिथे पाडलेलं नाणंही मोनेटा झालं. मुंबादेवीवरून मुंबई झाली, मुंबईवरून मुंबईकर झाला, आणि ‘मुंबईकरांना गर्दीची सवय असते’ असं म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे देवीची मूर्ती येत नाही. मोनेटाचंही तसंच झालं. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस टांकसाळ टेकडी सोडून शहराच्या दुसऱ्या भागात गेली, तरी नाव तेच राहिलं.

हा बदल मधल्या टप्प्यावर असतानाचा एक पुरावा आपल्याकडे आहे. इ.स.पू. ४६ मध्ये टायटस कॅरिसियस या टांकसाळीच्या अधिकाऱ्यानं पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला मोनेटाचा चेहरा आणि तिचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला सांडशी, हातोडा आणि नाण्याचा ठसा, म्हणजे नाणी पाडायची हत्यारं. देवी आणि कारखाना एकाच नाण्याच्या दोन बाजूंवर.

इंग्रजीत हा शब्द एकदा आला नाही, तीनदा आला. पहिल्यांदा आला तो बाजारातून. रोमन व्यापारी आणि शिपायांशी जर्मानिक टोळ्यांचा व्यवहार चाले, त्यांनी नाण्याबरोबर नाण्याचा शब्दही उचलला. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘मिनेट’ असं झालं, अर्थ नाणं. त्याचंच आज ‘मिंट’. गंमत अशी की मध्ययुगाच्या शेवटी या मिंटचा अर्थ नाण्यावरून पुन्हा टांकसाळीवर गेला. लॅटिनमध्ये जागेवरून वस्तूकडे गेलेला शब्द इंग्रजीत वस्तूवरून जागेकडे परतला. (पुदिन्याचा मिंट वेगळा, तो ‘मेन्था’ या वनस्पतीच्या नावावरून.) दुसऱ्यांदा आला तो राज्यकर्त्यांबरोबर. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची भाषा फ्रेंच. लॅटिन मोनेटाची फ्रेंचमध्ये झीज होऊन ‘मोनेय’ झालं होतं, तेच इंग्रजीत ‘मनी’. तिसऱ्यांदा विद्वानांनी थेट लॅटिन ग्रंथांतून उचलून ‘मॉनेटरी’ घेतला. तो झिजलेला नाही, म्हणून त्यात मोनेटा अजून जवळजवळ सगळी दिसते.

मुंबईत फोर्ट भागात १८२९ पासूनची सरकारी टांकसाळ आहे आणि तिच्यासमोर रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय. एकीकडे मिंट, दुसरीकडे मॉनेटरी पॉलिसी कमिटी, मधून जाणाऱ्या माणसाच्या खिशात मनी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या, त्याला वर्तमानपत्रांनी ‘डिमॉनेटायझेशन’ म्हटलं. नोटेतून मोनेटा काढून घेतली, असा त्याचा शब्दशः अर्थ.

३. देव आधी की शब्द आधी?

पुढे जाण्याआधी एक कसोटी हाताशी ठेवली पाहिजे, नाहीतर दिसेल त्या शब्दामागे देव दिसू लागतो.

व्हिक्टोरिया टर्मिनस घ्या. बांधकाम १८७८ मध्ये सुरू झालं, आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव स्थानकाला दिलं. बोरीबंदरच्या या स्थानकाला मुंबईचे लोक नुसतं व्ही.टी. म्हणत. या नावातले दोन्ही शब्द रोमन देवांचे आहेत. व्हिक्टोरिया ही विजयाची देवी. टर्मिनस हा हद्दीचा देव. मग ‘टर्मिनस’, ‘टर्मिनल’, ‘टर्म’ हे शब्द देवावरून आले असं म्हणायचं का?

नाही. लॅटिनमध्ये ‘टर्मिनस’ म्हणजे शेताच्या कडेचा हद्दीचा दगड. हा साधा शब्द आधी होता. त्या दगडालाच रोमन लोकांनी देव मानलं. दरवर्षी २३ फेब्रुवारीला, जुनं वर्ष सरत आलेलं असताना, दोन्ही बाजूंचे शेजारी दगडापाशी येत, आपापल्या बाजूनं हार घालत, नैवेद्य आणि बळी देत. बांध कोरणारा शेजारी हे दुखणं रोममध्येही होतं : नांगरताना जो हद्दीचा दगड उखडेल तो आणि त्याचे बैल, दोघेही शापित, असा रोमच्या नुमा राजाच्या नावावर सांगितला जाणारा जुना नियम आहे. आणि टर्मिनसचा हट्टही प्रसिद्ध. कॅपिटोलाइनवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा तिथल्या लहानसहान देवांना कौल लावून हलवण्यात आलं. टर्मिनस ज्युपिटरसाठीही हलायला तयार झाला नाही. शेवटी त्याचा दगड देवळाच्या आतच ठेवला आणि त्याच्यावर छताला एक भोक ठेवलं, कारण त्याची पूजा उघड्या आकाशाखालीच व्हायला हवी. १९९६ मध्ये व्ही.टी.चं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. व्हिक्टोरिया हलली, टर्मिनस जागचा हलला नाही.

तर कसोटी अशी : देवाचं नाव हा त्या भाषेतला रोजच्या वापरातला शब्द आधीपासून होता का? असेल, तर इंग्रजी शब्द त्या साध्या शब्दापासून आला, देव त्याचा भाऊ, बाप नव्हे. ‘फॉर्च्युन’ आणि भाग्यदेवी फॉर्च्युना, ‘क्युपिडिटी’ म्हणजे हाव आणि मदनासारखा क्युपिड, ‘व्हिक्टरी’ आणि व्हिक्टोरिया, ही सगळी भावंडं. मोनेटा आणि पुढे भेटणारे व्हल्कन, सेरीस, सॅटर्न यांची गोष्ट निराळी. तिथे नाव आधी, वस्तू नंतर.

टर्मिनसच्या सणाचं नाव होतं टर्मिनालिया. ऐन, अर्जुन, किंजळ, हिरडा, बेहडा या आपल्या झाडांच्या शास्त्रीय नावाची सुरुवातही ‘टर्मिनालिया’ अशीच होते. इथे सण आठवून हुरळून जायला नको. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं हे नाव दिलं ते पानं फांदीच्या टोकाशी गोळा होतात म्हणून. टर्मिनस म्हणजे शेवट, टोक, एवढंच.

४. शनिवारचा पहिला तास

काही देव इंग्रजीत पोचले ते आकाशमार्गे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांना रोमन लोकांनी आपल्या पाच देवांची नावं दिली होती : सॅटर्न म्हणजे आपला शनी, ज्युपिटर गुरू, मार्स मंगळ, व्हीनस शुक्र, मर्क्युरी बुध. त्यांत सूर्य आणि चंद्र धरले की सात. आठवड्याचे वार याच सातांचे, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. पण रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा क्रम आला कुठून? अंतराचा हा क्रम नाही, तेजाचाही नाही.

हे कोडं कागदावर सुटतं. आकाशात सावकाश फिरणाऱ्यापासून भरभर फिरणाऱ्यापर्यंत सात नावं लिहा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. शनीला फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, चंद्राला सव्वासत्तावीस दिवस, बाकीचे मध्ये. आता दिवसाचे चोवीस तास करा आणि प्रत्येक तास याच क्रमानं एकेकाला द्या. ज्याच्या वाट्याला दिवसाचा पहिला तास, त्याच्या नावाचा तो वार.

समजा पहिला तास शनीचा. सातांची फेरी संपली की आठवा पुन्हा शनीचा, मग पंधरावा, मग बाविसावा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास मंगळानंतरच्या रवीचा, म्हणून शनिवारनंतर रविवार. तसंच पुढे : रविवारचा बाविसावा तास रवीचा, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा, आणि सोमवार चंद्राचा. थोडक्यात, चोवीसला सातानं भागल्यावर तीन उरतात, म्हणून दररोज यादीत तीन घरं पुढे. तिसऱ्या शतकातला रोमन इतिहासकार कॅसियस डिओ हीच रीत सांगतो, आणि आपल्या पंचांगांत ‘होरा’ म्हणून छापतात तीही हीच. वराहमिहिरानं ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून ‘होरा’ झाला असं मत नोंदवलं आहे, पण शब्द मुळात ग्रीक, आणि इंग्रजी ‘अवर’ त्याचाच वंशज. भारतात तारखेबरोबर वार कोरलेला सगळ्यांत जुना ज्ञात लेख मध्य प्रदेशात एरण इथल्या स्तंभावर आहे : इ.स. ४८४, गुप्त राजा बुधगुप्त, वार गुरुवार.

उत्तरेकडच्या टोळ्यांनी आठवडा घेतला तेव्हा त्यांनी मार्सच्या जागी आपला टिव बसवला, मर्क्युरीच्या जागी वोडेन, ज्युपिटरच्या जागी गर्जनेचा देव थॉर, व्हीनसच्या जागी फ्रिग. ट्यूजडे ते फ्रायडे या चार नावांत हे चौघे आहेत. सॅटर्नला त्यांच्याकडे जोडीदार सापडला नाही. म्हणून इंग्रजी आठवड्यात ‘सॅटर्डे’ हा एकच वार रोमन देवाचा उरला.

ज्योतिषानं स्वभावही वाटून दिले. ज्युपिटरचं दुसरं नाव जोव्ह; त्याच्या ग्रहाखाली जन्मलेला आनंदी, दिलखुलास, म्हणून ‘जोव्हियल’. शनीच्या छायेतला उदास आणि गंभीर, म्हणून ‘सॅटर्नाइन’. साडेसातीचं नाव काढताच चेहरा पडणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. बुधाचा माणूस क्षणात इकडे क्षणात तिकडे, म्हणून ‘मर्क्युरियल’. यातल्या ज्युपिटरशी आपलं ग्रहापलीकडचंही नातं आहे. ऋग्वेदातला ‘द्यौः पिता’, ग्रीकांचा ‘झेउस पातेर’ आणि रोमनांचा ज्युपिटर ही एकाच जुन्या नावाची तीन रूपं, अर्थ आकाशपिता.

किमयागारांनी याच सातांना सात धातू जोडले : सूर्याला सोनं, चंद्राला चांदी, मंगळाला लोखंड, शुक्राला तांबं, गुरूला कथील, शनीला शिसं आणि बुधाला पारा. इंग्रजीनं बाकीची नावं रोजच्या वापरात घेतली नाहीत, पाऱ्याचं घेतलं. नेहमीच्या तापमानाला द्रव राहणारा हा एकच धातू. सांडला की हाती लागत नाही, म्हणून पळत्या पायांच्या मर्क्युरीचं नाव त्याला शोभलं असावं. इतरांच्या खुणा औषधांच्या कपाटात सापडतात : शिशाच्या विषबाधेला डॉक्टर ‘सॅटर्निझम’ म्हणत आणि सिल्व्हर नायट्रेटला ‘ल्यूनर कॉस्टिक’. मर्क्युरी व्यापाराचाही देव, आणि ‘मर्चंट’, ‘कॉमर्स’, ‘मार्केट’ हे शब्द ‘मर्क्स’ म्हणजे विक्रीचा माल यावरून. वरची कसोटी लावली तर हे त्याचे वंशज नव्हेत. बहुधा त्याचं नावच मालावरून पडलं.

५. बेटावरची भट्टी

सिसिलीच्या उत्तरेला व्हल्कानो नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या डोंगरातून धूर आणि आग निघे, आणि रोमन लोक म्हणत की खाली अग्नीचा आणि लोहारकामाचा देव व्हल्कन याची भट्टी आहे. इटालियन भाषेत बेटाचं नाव अशा सगळ्याच डोंगरांना लागलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘व्होल्कॅनो’ म्हणून इंग्रजीत आलं. मोनेटासारखाच हाही पत्त्यावरून आलेला शब्द : देव, मग बेट, मग जगातला प्रत्येक ज्वालामुखी. व्हल्कानोचा शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० असा चालला. सह्याद्रीचा काळा कातळही लाव्ह्याचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण तो शंकूच्या तोंडातून उडालेला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर वाहत गेला.

व्हल्कन महाराष्ट्राच्या प्रत्येक हमरस्त्यावर भेटतो, तो मात्र दुसऱ्या वाटेनं आला. पंक्चरच्या टपरीवर, जुन्या टायरवर रंगवलेलं ‘व्हल्कनायझिंग’. कुठे ‘वल्कनायजिंग’, कुठे ‘व्हल्कनाइज’. शुद्धलेखनाची इतकी रूपं दुसऱ्या कुठल्या देवाच्या वाट्याला आली नसतील.

कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं, कारण त्यातले लांब साखळीसारखे रेणू एकमेकांना बांधलेले नसतात. ऊब मिळाली की घसरतात. गंधक घालून तापवलं तर गंधकाचे अणू साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी जोडतात. मग रबर ताणलं तरी मूळ आकाराला परत येतं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला हे १८३९ मध्ये सापडलं, गंधक मिसळलेलं रबर चुकून गरम शेगडीला लागल्यामुळे, असं सांगतात. त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकच्या हाती आले, त्यानं त्यावर काम केलं आणि गुडइयरच्या आधी इंग्लंडमधल्या पेटंटसाठी अर्ज टाकला. गुडइयरला अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळालं, पण कोर्टकज्जे आणि कर्ज यांतून तो सुटला नाही. १८६० मध्ये मेला तेव्हा कर्जबाजारीच होता. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये इतरांनी काढली. या क्रियेला नाव सुचवलं ते हॅनकॉकचा चित्रकार मित्र विल्यम ब्रॉकेडन यानं. उष्णता आणि गंधक, दोन्ही ज्वालामुखीच्या घरची, म्हणून व्हल्कनायझेशन. इथे देवाचं नाव झिजत झिजत आलेलं नाही. एका सुशिक्षित चित्रकारानं ते विचार करून डकवलं.

६. सासू आणि जावई

असं मुद्दाम नाव देणं अठराव्या शतकापासून वाढलं. लिनियसनं १७३७ मध्ये लॅपलँडच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाला फुलांची देवी फ्लोरा हिचं नाव दिलं, १७४६ मध्ये स्वीडनच्या प्राण्यांवरच्या ग्रंथाला फॉना हिचं. तेव्हापासून एखाद्या प्रदेशातल्या झाडांची जंत्री म्हणजे ‘फ्लोरा’. सह्याद्रीत हिंडणारे वनस्पतिअभ्यासक अजून ज्याची पानं चाळतात तो थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’ १९०१ ते १९०८ या काळात निघाला.

सेरीस ही धान्याची देवी. ‘सेरेआलिस’ म्हणजे सेरीसचं, त्यावरून ‘सिरिअल’; आधी अर्थ धान्य, नंतर अमेरिकेत सकाळी दुधात घालून खायचा डब्यातला पदार्थ. तिचं दुसरं आयुष्य जास्त रंजक आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी यानं मंगळ आणि गुरू यांच्या मधला एक नवा ग्रह टिपला आणि सिसिलीची जुनी देवता म्हणून त्याला सेरीस नाव दिलं. दोनच वर्षांनी नवं मूलद्रव्य सापडलं, त्याला ताज्या ग्रहावरून ‘सिरियम’ म्हटलं. लायटरच्या खड्यातून ठिणगी उडते ती त्याच्यामुळे, आणि वरातीत डोक्यावर धरलेल्या गॅसबत्तीच्या जाळीतही त्याचा अंश असे. पुढे सेरीसच्या आसपास असे अनेक गोळे सापडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिची रवानगी ग्रहांमधून लघुग्रहांत झाली.

१९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यानं नववा ग्रह शोधला. ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीनं पाताळाच्या राजाचं, प्लुटोचं नाव सुचवलं. १९४०-४१ मध्ये बर्कलीत ग्लेन सीबोर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या मूलद्रव्याला त्यावरून ‘प्लुटोनियम’ नाव मिळालं. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेला बॉम्ब त्याचा होता. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं आणि ‘बटुग्रह’ असा नवा वर्ग केला. त्याच वर्गात त्यांनी सेरीसला लघुग्रहांमधून वर आणून बसवलं. रोमन कथेत प्लुटोनं जिला पळवून नेऊन पाताळाची राणी केलं, ती प्रोसर्पिना सेरीसची मुलगी. तेव्हा सासू आणि जावई आता एका बाकावर आहेत. त्यांच्यावरून नाव मिळालेल्या मूलद्रव्यांची नावं बदलावीत असं कुणी म्हटलं नाही. सिरियम ५८ व्या क्रमांकावर, प्लुटोनियम ९४ व्या.